कामाचा ताण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कामाच्या ठिकाणचा ताण, त्यावर सजगतेचा (माइंडफुलनेसचा) सराव आणि हाताने करायच्या कला यांबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. कोल्हापूर शहर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी इथून पत्रं आली. त्यातली सहा निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत. उत्तरं समुपदेशक आणि कलाशिक्षक यांनी मिळून दिली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. श्वास, ध्यान, रांगोळी, माती यांमुळे ताणलेलं शरीर लवकर सैल होतं आणि डोकं ताळ्यावर येतं. पण कामाचा बोजा त्याने कमी होत नाही. जिथे बोजाच बेसुमार आहे असं वाटलं, तिथे आम्ही तसं स्पष्ट लिहिलं आहे.

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. रिजेक्शन, म्हणजे दोषामुळे नाकारलेला माल, वाढलं की मालकांचा फोन, डिस्पॅचचा फोन, आणि मोल्डिंगवरची पोरं माझ्या तोंडाकडं बघत उभी. डोकं नुसतं तापतं. रात्री झोपताना मोबाईलवर ध्यानाचं अॅप लावतो, तर एक तर झोप लागते, नाहीतर दिवसभरातलं सगळं डोक्यात फिरायला लागतं. हे माझ्यासारख्याला जमणारं नाही का?

जमेल. तुमची वेळ चुकते आहे, एवढंच. दिवसभर दाबून ठेवलेल्या विचारांना रात्री अंथरुणावर डोळे मिटले की मोकळं रान मिळतं. नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये. सराव कामाच्या वेळेत, डोळे उघडे ठेवून आणि फक्त तीन मिनिटं करा.

जागा मात्र नीट निवडा. शेकआउट (साचा फोडून ओतीव माल बाहेर काढतात ती जागा), सँड प्लांट (साच्याची वाळू तयार होते ती जागा) आणि ग्राइंडिंगच्या आसपास हे करू नका. तिथल्या हवेत सिलिकाची बारीक धूळ असते आणि लांब श्वास घेतला की ती खोलवर जाते. ओतकाम चालू असताना किंवा क्रेनच्या टप्प्यात उभं राहूनही नाही. ऑफिसची खोली किंवा गेटजवळची सावली बरी.

फोन सायलेंट करा. नजर सहा-सात फुटांवर जमिनीकडे सैल सोडा. आधी सेफ्टी शूजमधले पाय जाणवून घ्या : वजन टाचेवर आहे की चवड्यावर? मग जबडा. चिडलेल्या माणसाचे दात एकमेकांवर घट्ट बसलेले असतात आणि त्याला ते कळतही नाही. ओठ मिटलेले राहू देत, दात वेगळे करा, जीभ सैल सोडा. खांदे कानांकडे चढले असतील, ते खाली येऊ द्या. आता नाकाने चार मोजत श्वास आत घ्या आणि सहा मोजत बाहेर सोडा. एक श्वास साधारण दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा, तीन मिनिटांत अठरा. मोजायला बोटांची पेरं वापरा : एका हाताच्या चार बोटांची बारा आणि दुसऱ्या हाताची सहा. अंगठा पेरावरून सरकतो आहे तोवर लक्षाला धरायला काहीतरी राहतं.

उच्छ्वास लांब ठेवायचं कारण सरळ आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात. सोडणं लांबवलं की मंदावण्याला जास्त वेळ मिळतो.

इथे बहुतेकांचं चुकतं ते म्हणजे छाती भरभरून श्वास घेणं. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणूस आणखी घाबरतो. तसं झालं तर मोजणं थांबवा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. श्वास इतका हलका हवा की शेजारच्याला आवाज येऊ नये. मध्येच रिजेक्शनचा विचार येणारच. आला हे लक्षात आलं की पुन्हा पेरावर या. अठरा श्वासांत पंधरा वेळा परत यावं लागलं तरी तो सराव झाला.

रात्रीच्या विचारांसाठी वेगळा उपाय. पाळी सुटायच्या आधी पाच मिनिटं डायरीत तीन ओळी लिहा : आज कुठला दोष आला, कारण काय वाटतं, उद्या सकाळी सगळ्यात आधी काय तपासायचं. ‘ब्लो होल (मालात राहिलेली हवेची भोकं) जास्त, वाळूत ओलावा असावा, पहिल्या पाळीला मॉइश्चर टेस्ट’ एवढं पुरे. अपुरं राहिलेलं काम मेंदू पुन्हा पुन्हा वर काढतो. त्याची पुढची पायरी कागदावर ठरलेली असली की त्याचा जोर ओसरतो. अॅप ठेवायचंच असेल तर जेवणाआधी, बसून.

कागलजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. वर्गात साठ मुलं, वर ऑनलाइन माहिती भरायचं काम. मी रोज सकाळी जपाची माळ ओढते. मग हे माइंडफुलनेस वेगळं शिकायची गरज आहे का?

जप चालू ठेवा. एका नामावर मन परत परत आणणं हा लक्षाचाच व्यायाम आहे. फरक एवढाच की जपात मन एका नामाला बांधलेलं असतं, आणि सजगतेच्या सरावात जे घडतं आहे ते, म्हणजे घशातला आवंढा, मुलांचा गलका, स्वतःचा चढलेला आवाज, आहे तसं जाणवून घ्यायचं असतं. वर्गात दुसरं जास्त उपयोगी पडतं, कारण आवाज चढायच्या आधी तो चढतो आहे हे कळतं.

आज दवाखान्यांत आणि कंपन्यांत जे माइंडफुलनेस शिकवतात, त्याचा साचा जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात तयार केला. जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी आखलेला तो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बौद्ध ध्यानपरंपरेवर आधारलेला होता. आपल्याकडे हातकणंगले तालुक्यात आळत्याला विपश्यना केंद्र आहे, तिथे दहा दिवसांची निवासी शिबिरं होतात. मनापासून ओढ असेल तर जरूर जा. पण ऐन ताणाच्या महिन्यात, झोप उडालेली असताना, दहा दिवसांचं मौन हा पहिला उपाय म्हणून निवडू नका. तुम्हाला सध्या एवढं पुरे : घंटा झाल्यावर वर्गाच्या दाराशी थांबून एक लांब उच्छ्वास, मगच आत पाऊल.

राजारामपुरीत एका बँकेत काउंटरला आहे. मार्चअखेर आणि पेन्शनच्या दिवशी रांग दाराबाहेर जाते. शाळेत असताना चित्रं काढायचे, आता हातच वळत नाही. मैत्रिणीने मंडलाचं रंगवायचं पुस्तक दिलंय. त्याने खरंच ताण कमी होतो, की नुसता टाइमपास?

हात न वळण्याची काळजी नको. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, स्केचपेन, कोलाज यातलं हवं ते करायला दिलं आणि आधी-नंतरच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजलं. सुमारे पाऊण लोकांत ते उतरलं होतं. चित्रकलेचा अनुभव असणं-नसणं याने फारसा फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण ‘मला येत नाही’ या सबबीला उत्तर म्हणून हा निष्कर्ष चांगला आहे.

रंगवायचं पुस्तक वाईट नाही, फार थकलेल्या दिवशी तेच बरं. तरी आमचा आग्रह ठिपक्यांच्या रांगोळीचा आहे. पुस्तकात सगळं दुसऱ्याने आखून दिलेलं असतं. रांगोळीत ठिपक्यांचा आधार असतो आणि वळण तुमचं असतं. शिवाय आपल्यापैकी अनेकींच्या हातात ती आधीपासून आहे.

चौकटींची वही आणि एक काळं जेल पेन घ्या. ‘७ ते ४’ ने सुरुवात करा. मधल्या ओळीत दोन-दोन चौकटी सोडून सात ठिपके. त्याच्या वर दोन चौकटींवर पुढची ओळ, एक चौकट आत सरकवून, सहा ठिपके. मग पाच, मग चार. खालच्या बाजूलाही तसंच. एकूण ३७ ठिपके होतात. संख्या जुळली नाही तर कुठेतरी सरकवायचं राहिलं आहे, बहुधा पाचच्या ओळीत. ठिपके घालण्यातच तीन-चार मिनिटं जातात आणि खरं शांत होणं तिथेच सुरू होतं. घाई करून छापील ठिपक्यांचा कागद आणू नका.

आता मधल्या ठिपक्यापासून बाहेर, एका वेळी एक रेघ. रेघ ओढताना श्वास सोडायचा, पेन उचललं की घ्यायचा. रेघ चुकली तर खोडू नका. तीच चूक उरलेल्या बाजूंनाही करा, नक्षीत मिसळून जाईल. हे सांगायला सोपं आहे. पण दिवसभर एका रुपयाचाही फरक चालत नाही अशा कामात असलेल्या माणसाला चूक तशीच ठेवून पुढे जाण्याची ही सवय फार गरजेची असते.

जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं. जेवण सोडून नको. पान पूर्ण झालं नाही तर वही मिटा, उद्या तिथूनच. आणि पहिले काही आठवडे ते पान स्टेटसला ठेवू नका. कोणी बघणार आहे म्हटलं की हात सावध होतो, रेघ ‘चांगली’ यायला हवी असं वाटू लागतं, आणि बँकेतलाच ताण वहीत येऊन बसतो.

काउंटरवर रांग असताना वही उघडता येणार नाही. तिथे शिक्का वापरा. शिक्का उचलताना त्याचं वजन, पॅडवर दाबताना होणारा मऊ आवाज, कागदावर टेकताना मनगटावर आलेला भार. एका ग्राहकाला दोन सेकंद पुरतात. दर पाच-सहा ग्राहकांमागे एकदा केलं तरी खांदे उतरतात.

रविवारी वेळ असेल तर रंकाळ्यावर वही घेऊन जा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान यांनी रंकाळ्याचा आणि कोटीतीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. तुम्ही आख्खा तलाव काढायला जाऊ नका. घाटाचा एक दगड निवडा, आणि कागदाकडे न बघता, नजर त्या दगडाच्या कडेवरून मुंगीच्या वेगाने सरकवत त्याच वेगाने पेन चालवा. चित्र वेडंवाकडंच येतं. पाच मिनिटं डोळा एका जागी ठरला, हे त्यातलं कामाचं.

गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात एचआर बघतो. पंचवीस जणांसाठी महिन्यातून एकदा काहीतरी ‘क्रिएटिव्ह’ घ्या, असं वरून सांगितलंय. बजेट थोडं आहे. काय घ्यावं? मागे चित्रकला स्पर्धा घेतली होती, सहा जण आले.

स्पर्धा होती म्हणूनच सहा आले. ज्यांना येतं ते आले, ज्यांना गरज होती ते लांब राहिले. या वेळी शाडू माती घ्या. कोल्हापुरात ती मिळवायला त्रास नाही. बापट कॅम्प, शाहूपुरी, गंगावेश इथल्या कुंभार बांधवांकडे भिजवून मळलेला गोळाच मागा. गणपतीच्या आधीचे दोन महिने मात्र त्यांच्यामागे लागू नका.

माणशी ३०० ग्रॅम धरा. पंचवीस जणांना साडेसात किलो लागते, दहा किलो आणा. कोरडी भुकटी मिळाली तर आदल्या दिवशीच भिजवा. दहा किलोला साधारण तीन लिटर पाणी लागतं, पण ते थोडं थोडं घाला, कारण प्रत्येक माती वेगळं पाणी पिते. झाली का ते बघायला बोटाएवढी वळी करून बोटाभोवती वाकवा. भेगा पडल्या तर पाणी कमी, तळव्याला चिकटली तर जास्त. ओल्या गोणपाटात गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधून रात्रभर ठेवा. याशिवाय टेबलावर पसरायला प्लॅस्टिक, चौघांत एक पाण्याची वाटी, जुनी फडकी, आइस्क्रीमच्या काड्या. झालं.

वेळ ४५ मिनिटं, आणि ती कामाच्या वेळेतली. पाळी सुटल्यावर थांबवलंत तर लोकांची बस आणि मन दोन्ही घराकडे असतात. मशिनवरून आलेल्यांना आधी साबणाने हात धुवू द्या, कूलंटचं तेल मातीत गेलं की ती नीट जुळत नाही. हाताला कापलेलं असेल त्याला हातमोजे द्या.

पहिली पाच मिनिटं काहीही बनवायचं नाही. डोळे मिटून माती नुसती दाबायची : गार किती आहे, कुठे घट्ट, कुठे मऊ. लोक हसतील, एकमेकांना टोमणे मारतील, मारू देत. तिसऱ्या मिनिटाला आवाज आपोआप कमी होतो. मग दहा मिनिटं पणती. गोळा गोल करा, मध्ये अंगठा घाला, तळाला एक सेंटिमीटर जाडी सोडून थांबा. गोळा फिरवत अंगठा आणि बोटांच्या चिमटीत भिंत उचलत न्या. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ करू नका. काठाला चिरा दिसल्या की बोट ओलं करून फिरवा. इथे नवखा माणूस वाटीतलं पाणी ओततो आणि भिंत बसते, हे आधीच सांगून ठेवा. पुढची वीस मिनिटं ज्याला जे हवं ते. शेवटची दहा आवराआवरीला.

एक गोष्ट विसरू नका. हात आणि काड्या आधी बादलीत धुवायच्या, बेसिनमध्ये नाही. शाडू तळाला बसते आणि पाइप असा तुंबतो की प्लंबरच बोलवावा लागतो. बादलीतलं वरचं पाणी झाडांना घाला, खालची माती पुन्हा वापरा. न भाजलेली माती कितीही वेळा भिजवता येते, म्हणून पुढच्या महिन्याचा खर्च जवळजवळ नाही. ज्यांना वस्तू ठेवायच्या आहेत त्यांनी त्या सावलीत, वर्तमानपत्राने झाकून तीन-चार दिवस वाळवाव्यात. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवल्या तर काठ आधी वाळतो, तळ ओला राहतो, आणि तडा जातो. कच्च्या पणतीत तेल घालू नका, झिरपेल. टाचण्या-क्लिपा ठेवायला छान.

येणं ऐच्छिक ठेवा. नंबर नाहीत, बक्षीस नाही, कंपनीच्या ग्रुपवर फोटो नाहीत. साहेब येणार असतील तर तेही माती घेऊन सगळ्यांत बसतील, फिरून बघणार नाहीत.

आणि हे वरच्यांना सांगा. महिन्याचा एक तास मातीचा आणि उरलेले दिवस बारा-बारा तासांची पाळी असं असेल, तर कामगाराला ही चेष्टा वाटेल, आणि त्याचं चुकीचं नाही. त्याच दिवशी दाराजवळ एक खोकं ठेवा, त्यात नाव न लिहिता एक चिठ्ठी : ‘कामातली कुठली एक गोष्ट बदलली तर सगळ्यात जास्त फरक पडेल?’ पाळीचं वेळापत्रक उशिरा कळणं, एकाच माणसाला दोन साहेबांनी दोन कामं सांगणं, पाणी प्यायला लांब जावं लागणं अशा गोष्टी निघतील. त्यातली एक तरी पुढच्या सत्राआधी बदला. नाहीतर चौथ्या महिन्याला पुन्हा सहाच जण येतील.

साखर कारखान्याच्या ऑफिसात आहे. हंगामात जेवताना एका हातात घास, एका हातात फोन. वेळ अजिबात नाही. अगदी छोटं काही?

गूळ. आपल्याकडे तो सगळीकडे आहेच. जेवण झाल्यावर बोराएवढा खडा घ्या आणि फोन खिशात टाका. खडा उजेडाकडे धरून त्याचा रंग आणि रवा बघा, वास घ्या, जिभेवर ठेवा आणि चावू नका. आधी नुसतं गोड, मग किंचित खारट, शेवटी काहिलीतल्या रसाचा तो खमंगपणा. विरघळायला एक-दोन मिनिटं लागतात, तेवढंच करायचं. मधुमेह असेल तर भाजलेला शेंगदाणा घ्या आणि तो तीस वेळा चावा.

इचलकरंजीत माग कारखान्यात दिवाणजी आहे. महिनाभर झोप नाही. सूत महाग झालंय, पेमेंट अडकलंय, मालकांचा राग माझ्यावर. कधी कधी छातीत धडधडतं, हात गार पडतात, आता काही खरं नाही असं वाटतं. दीर्घ श्वसन करून बघतोय, पण त्यानं जास्तच घाबरायला होतं. घरी सांगितलेलं नाही.

श्वसन सध्या बंद ठेवा. ज्यांना धडधडीचीच भीती बसलेली असते, त्यांचं लक्ष श्वासाकडे आणि छातीकडे नेलं की भीती वाढते. असं अनेकांचं होतं, त्यात तुमची काही चूक नाही. तशा क्षणी लक्ष शरीराबाहेर न्या : थंड पाण्याने तोंड धुवा, भिंतीला तळहात जोरात टेका, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. मागाच्या पट्ट्याजवळ असाल तर आधी बाहेर या.

आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी, रक्तदाब, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण धडधड या सगळ्यांत होऊ शकते. छातीत दाबल्यासारखं दुखून डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, घाम फुटला, तर मनाचं आहे असं समजून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

तपासण्या ठीक आल्या तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. झोप बिघडणं आणि उदासी किंवा भीती दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली की आम्ही हेच सांगतो, आणि तुम्हाला महिना झाला आहे. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे जाणं आज जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक फिरवा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. काय बोलावं सुचत नसेल तर आम्हाला लिहिलंत तेच वाचून दाखवा. ‘काही खरं नाही’ हा विचार जगणं नकोसं वाटण्याकडे जात असेल, तर फोन आजच करा आणि रात्री एकटे राहू नका.

घरी सांगा. सगळा हिशेब मांडायची गरज नाही. ‘महिनाभर झोप नाही, उद्या डॉक्टरांकडे माझ्यासोबत ये’ एवढंच बायकोला किंवा भावाला म्हणा. अडकलेलं पेमेंट आणि सुताचा भाव हा धंद्याचा प्रश्न आहे, तो एकट्या दिवाणजीच्या झोपेवर फेडायचा नसतो. कुठल्या पार्टीकडे किती दिवस थकलं आहे याची यादी करून ती मालकांसमोर ठेवा. पण ते डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर, आणि दोन रात्री झोप झाल्यानंतर.